ठणका, आग, मुंग्या आणि केसपेपरवरचा एक शब्द

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परभणी.

विषय : गुडघेदुखीचा रुग्ण ऐकून आणि हाताने तपासून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्याबाबत.

महोदय,

जिंतूर, पालम किंवा सोनपेठकडून येणारी सकाळची एसटी परभणीच्या स्थानकात थांबते, तेव्हा दारापाशी जरा खोळंबा होतो. पुढे साठीची एखादी बाई असते. ती आधी पिशवी खाली कुणाच्या तरी हातात देते, दोन्ही हातांनी दांडी धरते, आडवी वळते आणि दुखरा पाय पुढे टाकून पायरी उतरते. सगळा भार वरच्या पायावर आणि दांडीवर. मागून कुणीतरी म्हणतं, "चला मावशी, चला." तासाभराने ती ओपीडीच्या बाकड्यावर असते आणि नंबर आला की एका दमात सांगते : "बसून उठाया गेलं की कळ निघती. रात्री ठणकतंय. उतरताना गुडघा दगा देतो. नडगीला मुंग्या येत्यात, आन् कधीमधी नुसती आग पडती."

एका दमात पाच तक्रारी. केसपेपरवर त्यातलं काय उतरतं? दवाखाना सरकारी असो की खासगी, बहुतेक वेळा एकच शब्द : झीज. मग एक्स-रे, गोळ्यांची पट्टी आणि "मांडी घालून बसू नका" एवढा सल्ला.

हे पत्र त्या न उतरलेल्या शब्दांबद्दल आहे. आपलं महाविद्यालय २०२३ साली सुरू झालं. तिथली पहिली मुलं-मुली डॉक्टर होऊन जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसतील, तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून आलेल्यांची रांग त्यांच्यासमोर रोज असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये जगात ५२.८ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, त्यात सुमारे ६० टक्के बायका, आणि सर्वांत जास्त दुखणारा सांधा गुडघाच. भारतातल्या शहरांत आणि गावांत झालेल्या एका पाहणीचे आकडे २०१६ मध्ये छापून आले, त्यात २८.७ टक्के लोकांच्या गुडघ्यांत हा आजार आढळला. इतक्या मोठ्या दुखण्याची पहिली तपासणी ही मुलं कशी करायला शिकतात, हे परभणी ठरवू शकते.

'झीज' हा शब्द खोटा नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा खरोखर पातळ होते, हाडाला कडेने टोकं फुटतात, सांध्यातली फट कमी होते. अडचण अशी की कूर्चेला मज्जातंतूच नसतात. जी झिजते ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते कूर्चेखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, वाटीमागची चरबी, बाजूचे बंध आणि ओढून धरलेले स्नायू. एक्स-रेवर यातलं हाड तेवढं नीट दिसतं. म्हणूनच फिल्मवर गुडघा पार गेलेला दिसतो आणि म्हातारा खांद्यावर उपरणं टाकून पायी शेतात जातो. उलट फिल्मवर किरकोळ बदल असलेली बाई रात्रभर कूस बदलत असते. फिल्म आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, हे मोठमोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे थट्टेत चालते. या विषयात मात्र जर्मनीकडे बघावंच लागतं. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेनला क्ष-किरण दिसले ते वुर्त्सबुर्ग गावात. त्याच गावातल्या विद्यापीठात नव्वद वर्षांनी हान्स-गेऑर्ग शाइब्ले आणि रॉबर्ट श्मिट हे दोन शरीरशास्त्रज्ञ मांजराच्या गुडघ्यातल्या बारीक नसांचे संदेश मोजत होते. निरोगी सांध्यात यातल्या कित्येक नसा गप्प असतात. गुडघा कितीही वाकवला तरी त्या काही बोलत नाहीत. सांधा सुजवला की त्याच नसा साध्या हालचालीलाही ओरडू लागतात, काही तर गुडघा नुसता पडून असतानाही. बसून उठताना निघणारी कळ आणि रात्री स्वस्थ पडल्यावरचा ठणका, या दोन्हींचा उगम तिथे सापडतो. एकाच गावाने आधी हाड दाखवणारा दिवा दिला आणि मग त्या दिव्यात दुखणं का दिसत नाही तेही सांगितलं.

एक्स-रेवर आजची जी ० ते ४ अशी श्रेणी लावली जाते, ती जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. इंग्लंडच्या कोळसा खाणींत गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या मजुरांचे सांधे या दोघांनी त्याआधी पाहिले होते. गंमत म्हणजे याच केलग्रेनने त्याच्या वीस वर्षं आधी, लंडनमध्ये सर टॉमस लुईस यांच्या हाताखाली, अगदी वेगळं काम केलं होतं. स्नायूंत आणि सांध्यांच्या बंधांत खारट पाणी टोचून घ्यायचं आणि दुखणं कुठे उमटतं त्याचा नकाशा काढायचा. टोचलं एका जागी, दुखलं भलतीकडेच, असं वारंवार झालं. खुब्याचा सांधा बिघडलेला माणूस गुडघा धरून येतो, तो याच कारणाने. केलग्रेनची श्रेणी सगळीकडे पोचली, नकाशा मागे राहिला. परिणामी गुडघ्याचा फोटो निघतो आणि खुबा कुणी फिरवूनही बघत नाही.

दुखणं जुनं झालं की गोष्ट सांध्यापुरती राहत नाही. रोज तोच निरोप येत राहिला की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात; क्लिफर्ड वूल्फ यांनी हे १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. गुडघेदुखीच्या रुग्णांत ते मोजता येतं. बोथट टोकाच्या यंत्राने हळूहळू दाब वाढवायचा आणि दाबाचं दुखण्यात रूपांतर कधी होतं ते विचारायचं. गुडघ्यावर ही वेळ लवकर येते, यात नवल नाही. ज्यांचं दुखणं तीव्र आणि जुनं आहे, त्यांच्या हातावर, कोपराखाली, जिथे काहीच झिजलेलं नाही, तिथेही ती लवकर येते. "आता सगळंच अंग दुखतं" असं म्हणणाऱ्या बाईला घरचे नाटकी ठरवतात, आणि कधी कधी डॉक्टरही. ती जे सांगते ते यंत्र मोजून दाखवतं.

आता बिब्ब्याकडे येऊ. मराठवाड्यातल्या खेड्यांत गुडघ्यावर बिब्बा घालतात, कुठे तुमडी लावतात, कुठे तापल्या लोखंडाने डाग देतात. बिब्बा उतला की कातडी सोलून निघते, फोड येतात, जखम चिघळते. मधुमेह असेल तर पाय गमावण्यापर्यंत मजल जाते. तरी लोक करतात, कारण दोन दिवस बरं वाटतं. हे बरं वाटणं खोटं नसतं. एका जागी जोरात दुखलं की दुसरीकडचं दुखणं मेंदू दाबून टाकतो. फ्रान्समध्ये ल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये उंदरांवर ही यंत्रणा दाखवली. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. स्वीडनमध्ये कोसेक आणि उर्डेबेर्य यांनी २००० साली खुब्याच्या झिजेचे रुग्ण तपासले, तेव्हा ही दाबणारी यंत्रणा त्यांच्यात कामच करत नव्हती. सांधा बदलल्यावर दुखणं थांबलं आणि काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे दुखणं जितकं जुनं, तितका डागण्याचा उपयोग कमी आणि जखम मात्र तेवढीच. गावात हे सांगायचं तर "अंधश्रद्धा आहे" म्हणून झिडकारण्यापेक्षा असं समजावून सांगणारा डॉक्टर लवकर ऐकला जाईल.

आग आणि मुंग्या यांचा हिशेब वेगळा. गुडघा किंवा खुबा झिजलेल्यांपैकी साधारण चारात एकाला अशा तक्रारी असतात, ज्या एरवी नस बिघडल्यावर येतात : जळजळ, झिणझिण्या, विजेसारखी चमक, बधिरपणा, पातळाचा काठ लागला तरी नको वाटणं. अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. पण लगेच सगळं गुडघ्याच्या नावावर टाकणंही घातक. मुंग्या मधुमेहाच्या असू शकतात, जीवनसत्त्व बी-१२ कमी पडल्याच्या असू शकतात, कमरेत दबलेल्या नसेच्या असू शकतात, आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाच्याही. साखर तपासणं, पायमोजा घातल्यासारखा दोन्ही पायांना बधिरपणा आहे की एकाच पट्ट्यात आहे हे विचारणं, पाठ आणि कातडी बघणं, याला पाच मिनिटं पुरतात. 'झीज' लिहून झालं की ही पाच मिनिटं कुणी देत नाही.

आणि मग तो दगा देणारा गुडघा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत सुमारे १२ टक्के प्रौढांनी सांगितलं, की गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी गुडघा अचानक लचकून वाकला. ही पाहणी २००७ मध्ये छापून आली. त्यामागे मांडीच्या स्नायूंचा अशक्तपणा असतोच, शिवाय संवेदनाही मंदावलेल्या असतात. डोळे मिटले तरी आपला पाय किती वाकलाय हे आपल्याला कळतं. झिजलेल्या गुडघ्यात हा अंदाज चुकतो. शिकागोतल्या संशोधकांना २००८ मध्ये असं दिसलं, की अशा रुग्णांना पायावर ठिकठिकाणी कंपही उशिरा जाणवतो. एकीकडे दुखणं वाढलेलं, दुसरीकडे स्पर्शाची आणि जागेची जाण कमी झालेली, असा हा दुहेरी प्रकार आहे. दाब जाणणाऱ्या ज्या रेणूंमुळे अंगाची जागा कळते, त्यांचा शोध आर्डेम पटापुटियन यांनी लावला, आणि ठेच्यातल्या मिरचीने आग का होते ते डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. मिरचीच्या त्याच अर्काचं मलम गुडघेदुखीवर वापरलंही जातं.

कंप तपासायला यंत्र लागत नाही. १२८ कंपनांचा ट्युनिंग फोर्क प्रत्येक विद्यार्थ्याच्या पिशवीत असतो. तो तळहाताच्या कडेवर आपटायचा, आधी बाईच्या मनगटाच्या हाडावर टेकवून "हे असं जाणवलं पाहिजे" म्हणून दाखवायचं, मग तिला डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा आणि "थांबलं की सांगा" म्हणायचं. तिने "थांबलं" म्हणताच फोर्क स्वतःच्या अंगठ्यावर लावायचा. विद्यार्थ्याला तो अजून गुणगुणताना जाणवला, तर त्या पायाला पायरी दिसण्याआधी कळणार नाही, हे त्याला पुस्तकाशिवाय समजलं. विद्यार्थी तरुण आणि बाई साठीची, त्यामुळे थोडा फरक वयाचाही असतो. म्हणून दोन्ही पायांची तुलना करायची आणि घोट्यावरही बघायचं. एवढं झाल्यावर पडण्याचा धोका, रात्रीचा उजेड, मोरीतली ओल आणि हातातली काठी यांबद्दल बोलायला कारण मिळतं.

महाराष्ट्रात असं ऐकून घेण्याचं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची सांधेदुखी नोंदवली. शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. त्या कामातून २००२ साली आलेल्या एका लेखाचा विषयच होता गावकऱ्यांचं दुखणं, त्यामुळे आलेलं अपंगत्व आणि त्यांच्या समजुती. आधी माणसाला विचारायचं आणि फोटो नंतर काढायचा, हा क्रम तिथे पाळला गेला. परभणी जिल्ह्यात असं काम करायला पुण्याची वाट बघण्याची गरज नाही.

इथलं काम कसं आहे ते आपल्यासमोरच आहे. सोयाबीन-कापसात खुरपायला बसलेली बाई उकिडवी बसूनच काकरीभर सरकत जाते. एका पायाची टाच वर, दुसरा गुडघा छातीशी, उजव्या हातात खुरपं. ओळ संपली की उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. दिवाळीपासून कापसाची वेचणी, ओटीत भरत जाणारं वजन घेऊन वाकून. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या की तिथे मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणं. बीजिंगमधल्या एका पाहणीत तरुणपणी दिवसाचा बराच वेळ उकिडवं बसलेल्यांच्या गुडघ्यांत म्हातारपणी झीज जास्त सापडली होती. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय याच शहरात आहे आणि शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर तिथे वर्षानुवर्षं काम चाललं आहे. त्यांच्याकडे अवजारं आहेत, आपल्याकडे आता डॉक्टर घडतील. ही दोन महाविद्यालयं अजून एका टेबलावर बसली नसतील, तर ती बसायला हवीत.

औषधांबद्दल थोडक्यात. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलवरून महिनोन्महिने चिठ्ठीशिवाय नेल्या जातात आणि मूत्रपिंड, पोट, रक्तदाब त्याची किंमत मोजतात. गुडघ्यावर लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल म्हाताऱ्या माणसाला त्यापेक्षा सुरक्षित असतं. दुखण्याच्या वाटेवरच काम करणारं ड्युलोक्सेटिन काहींना उपयोगी पडतं. नसांना चिथावणाऱ्या प्रथिनाला रोखणारं टॅनेझुमॅब २०१० मध्ये चमत्कारासारखं वाटलं होतं. पण काहींचे सांधे झपाट्याने खराब झाले आणि २०२१ मध्ये ते औषध सोडून द्यावं लागलं. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया योग्य माणसाला नवं आयुष्य देते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपयांवर आली. तरी गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचात एकाचं दुखणं राहतं. आधीपासून मज्जारज्जू हळवा झालेल्यांत ही शक्यता जास्त, म्हणूनही आग आणि मुंग्या शस्त्रक्रियेआधीच लिहून ठेवायला हव्यात.

सगळ्यांत स्वस्त उपाय व्यायामाचा, आणि तो फक्त तोंडाने सांगून होत नाही. ओट्यावर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. हे रुग्णाकडून समोर करवून घ्यावं लागतं. पहिला आठवडा थोडं दुखेल, ते नुकसानीचं लक्षण नाही, हेही सांगावं लागतं. नाहीतर "गुडघा अजून झिजेल" या भीतीने ती बाई व्यायाम सोडते आणि मांडी आणखी बारीक होते. 'झीज' हा शब्द इथे फार नडतो. झिजलेली वस्तू वापरली की आणखी झिजणार, हे घरातल्या जात्यापासून चपलेपर्यंत प्रत्येकाला माहीत असतं. गुडघा मात्र जिवंत असतो, बेताने वापरला तर तो सुधारतो.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत.

पहिली, केसपेपरवर दुखण्यासाठी रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहायची एक ओळ असावी : ठणका, कळ, चमक, सल, आग, मुंग्या, बधिर, जड. विदर्भातून, कोकणातून आलेल्या विद्यार्थ्याला 'ठसठस' आणि 'सल' यांतला फरक रुग्णाला विचारूनच कळेल. अस्थिरोग विभागात या शब्दांचा तक्ता भिंतीवर लागला तर आणखी बरं.

दुसरी, गुडघ्याच्या प्रत्येक नव्या रुग्णाची खुबा, पाठ, कापसाने स्पर्श, ट्युनिंग फोर्क आणि खुर्चीतून उठून चालणं, एवढी तपासणी एक्स-रेला पाठवण्याआधी व्हावी. सांधा गरम आणि लाल असेल, ताप असेल, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर तो झिजेच्या रांगेतून बाजूला काढावा.

तिसरी, एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थी गावातली काही कुटुंबं दत्तक घेतात. त्या कुटुंबांतल्या साठीपुढच्या प्रत्येकाचा गुडघा त्यांनी पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत नोंदवत जावा. गावातल्या आशाताई असंसर्गजन्य आजारांचा जो तक्ता भरतात, त्यात तळहात-तळपायांच्या मुंग्यांचा प्रश्न आहेच. त्याला जोडून गुडघ्याचे दोन-तीन प्रश्न विचारले तर कागदही वाढणार नाही.

चौथी, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना काठी, वॉकर, नी-ब्रेस, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. ज्याच्या घरचं शौचालय उकिडवं बसायचं आहे, त्याला कमोड खुर्ची औषधाइतकीच लागते. रुग्णाला हे ओपीडीतच सांगणारं कुणीतरी असावं आणि अर्जही तिथेच भरून घेतला जावा.

या चारही मागण्यांना नवी इमारत, नवं यंत्र किंवा मुंबईची परवानगी लागत नाही. येत्या वेचणीच्या हंगामात, दिवाळीनंतरच्या एखाद्या सोमवारी, आपण स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन ओपीडीच्या बाकड्यापाशी उभं राहावं, पहिल्या बाईला "काय होतंय?" असं विचारावं आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत पेन टेबलावर ठेवावं, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
एक परभणीकर